लायनरच्या रेषेवरचे आकडे

बेळगावच्या कॅम्पापलीकडच्या पंपांच्या कारखान्यात मष्णू सोळा वर्षं ड्रॉइंग काढत होता. नंदगडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आयटीआय करून आला आणि नुसत्या रेषेवर नाव कमावलं. वर्क्स मॅनेजर मारुतीराव पाहुण्यांना त्याच्या टेबलापाशी आणून म्हणत, "असा हात साऱ्या बेळगावात न्हाय."

शहाऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्याच्या मागोमाग निपाणीचा धर्मराज आला, आणि पाहुणे कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीपाशीच थांबू लागले.

धर्मराज पंचविशीचा, एम.टेक. झालेला. त्याची आई तानीबाई जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबलेली. पंपाच्या भागाचं चित्र तो जाळीसारखं बारीक तुकड्यांत विभागायचा, जाळीच्या प्रत्येक गाठीला नंबर द्यायचा, मग कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते मशीन छापून द्यायचं. गाठींची मापं मात्र मष्णूच्या ड्रॉइंगवरून निघत.

"मापं मी काढायची, नाव त्याचं," मष्णू घरी बायकोला, शालूबाईला सांगायचा. मनात याहून वाईट यायचं: वखारीतल्या बाईचं पोरगं. असं आलं की त्याची त्यालाच लाज वाटे, आणि लाज वाटली की धर्मराजचा राग दुप्पट होई.

एकदा कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचं काम आलं. बिडाच्या बॉडीत पोलादी लायनर, म्हणजे आतलं नळकांडं, दाबून बसवायचा होता. धर्मराजनं हिशोब छापून काढला, तोच आईला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. कागद टेबलावर तसेच ठेवून तो निपाणीला गेला.

मष्णूनं कागद उघडले. वर्षभर बघून बघून त्याला एवढं कळत होतं की शेजारच्या तुकड्यांचे आकडे एकमेकांना धरून असतात. थोडं इकडंतिकडं झालं तर धर्मराज सरासरी घेऊन रंगीत नकाशा करतो. इथं लायनरच्या रेषेच्या एका बाजूला अधिक बासष्ट होते, दुसऱ्या बाजूला उणे अठ्ठेचाळीस. मष्णूनं त्या दोन आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढला. सापडला एकदाचा.

तो सरळ मारुतीरावांकडं गेला. "साहेब, पोराचं चुकलंय. आकडे कसे उड्या मारल्यात बघा."

"उद्या रिपोर्ट जायाला पाहिजे. आता?"

"सरासरी काढून देतो की. तो बी तसंच करतोय."

सरासरी सात आली. मष्णूनं रंगीत पेन्सिलींनी असा नकाशा रंगवला की एक रंग दुसऱ्यात कुठं विरला ते कळू नये. खाली सही केली. मारुतीरावांनी तो आल्यागेल्याला दाखवला, तेव्हा त्याला जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी धर्मराज आला. कोल्हापूरला गेलेल्या नकाशाची फाइलीतली प्रत त्यानं आपल्या आकड्यांशी ताडून पाहिली, मग म्हणाला, "मष्णूआण्णा, जरा आत येता काय?"

मष्णू चप्पल काढून आत गेला.

"जाळी जाड पडली, तुकडे मोठे झाले, की आकडे उड्या मारतात. तिथं सरासरी चालते," धर्मराज हळू आवाजात म्हणाला. "पण ह्या रेषेच्या अलीकडं पोलाद हाय, पलीकडं बीड. लायनर दाबला जातोय, बॉडी ताणली जातीय. ही उडी खरी हाय. आपण कागदावर सात लिहिलं तरी बिडाला बासष्टच सोसायचं हाय. तेवढं बॉडीच्या ह्या पातळ भिंतीला झेपणार न्हाय."

मष्णूनं विचारलं, "साहेबांस्नी सांगितलंस?"

"न्हाय. सही तुमची हाय. तुम्हीच सांगितलेलं बरं."

मष्णूनं जाऊन मारुतीरावांना सगळं सांगितलं. मारुतीराव रागावले नाहीत. लगेच कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला. ओतकाम अजून सुरू झालं नव्हतं. भिंत जाड करायचं ठरलं. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "इथून पुढं नकाशा धर्मराजच करू दे."

खोलीबाहेर धर्मराज उभा होता. तेव्हा कुठं मष्णूला सुचलं. "आई कशी हाय तुझी?"

"बरी हाय आता. परवा सोडतील."

संध्याकाळी शालूबाईनं ताट वाढलं, तरी तो जेवेना. शेवटी त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग पोरानं तुम्हास्नी वाचवलंच की. तोंड कशाला असं केलंय?"

"वाचवलं," मष्णू म्हणाला. "तेच सोसंना झालंय."