आवडाबाईचं माप

आषाढ सरत आला तरी बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरचं तेल वाळेना, तेव्हा नाथा सुताराचं डोकं फिरलं. कल्याणात पारनाक्याजवळ त्याचं दुकान. पाळणे, पाट, गाडीची चाकं त्याने डोळे मिटून केली असती. पण बंदुकीचं काम हे पहिलंच. सन अठराशे सत्त्याऐंशीचा तो पावसाळा. हवा अशी ओली, की जवसाचं तेल चोळावं आणि चार दिवसांनी बोट लावावं तर चिकटच.

बंदूक मानपाड्याच्या आवडाबाईची. तिचा नवरा काळुराम एका साहेबाला शिकारीची रानं दाखवायचा. साहेबाने विलायतेला जाताना ती त्याला दिली. काळुराम तापाने गेला, आणि दोन वर्षं रानडुकरं तिचं भात लोळवत होती. दस्ता मुठीशी चिरलेला, मागचं टोक वाळवीने खाल्लेलं. "नीट बसंल असा कर," एवढंच ती म्हणाली होती.

नाथाने चिरेत सरस भरला, पितळी खीळ मारली. टोकाला शिसवाचा तुकडा असा जोडला की सांध्यावर नख फिरवलं तरी कळू नये. तेल चिकटलं म्हणून दोनदा सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून चोळलं. श्रावणात एकदाची चकाकी आली.

आवडाबाईने बंदूक खांद्याला लावली, मान लांबवली आणि खाली ठेवली.

"लांब हाय."

"लांब? काळुरामच्या हातात बरोबर बसायची!"

"मग काळुराम येतोय का डुकरं माराया?"

नाथाला तोवर वाटत होतं, बंदूक तिचा दीर चालवणार. "बाई, तुम्ही झाडणार?"

"परवाना माज्या नावावर हाय. दीर रातचा मचाणावर घोरतो."

तो मनातल्या मनात चडफडला. एवढं सुरेख काम कापायचं? त्याने अर्धं बोट तासलं आणि पुढच्या बाजाराला तेच पुढे केलं. तिने खांद्याला लावलं नि फळीवरची करवत उचलली.

"ठेवा ती! लाकूड फाटेल!"

"मग तू काप. माज्या मापानं."

शेवटी त्याने तिचा हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपरापासून बोटापर्यंत दोरी धरली. दस्ता बरोबर तीन बोटं जास्त. जोडलेला शिसवाचा तुकडा अख्खा जाणार होता. करवत चालवताना त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने खांद्याला लावलं. गाल आपोआप लाकडावर टेकला, डोळा नळीच्या टोकावरच्या माशीशी जुळला.

"आता बसला," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

आश्विनात तिचा निरोप आणि बंदूक घेऊन तिचा भाऊ राघो आला. एक डुक्कर पडलं, बाकीची शहाडच्या बाजूला पळाली. भात उभं आहे. पण बार उडाला की दस्ता खांद्यात घुसतो, हात वर होत नाही. मागे चामड्याची गादी बसवायची आहे.

"किती जाडीची?" नाथाने विचारलं.

"तीन बोटं."

नाथाने रंधा खाली आपटला. "तीन? पुन्हा लांब होईल की रे!"

"ती म्हणली, तेवढंच लाकूड अजून काप."

नाथाने रंधा उचलून फळीवर ठेवला. मग त्याने हात पुढे केला. "आण ती बंदूक इकडे. आणि या वेळी तिलाही घेऊन ये. निरोपावर मी करवत लावायचा नाही."