एक वेढा जास्त

उघडलेल्या लॅपटॉपच्या पंख्याच्या पात्यांवर कुंकू साचलं होतं. तेलाच्या वाफेत मळून त्याचा घट्ट, विटकरी थर झाला होता. सुकन्याने पिनेने तो जरासा खरवडून पाहिला. दर खंडेनवमीला तिचे सासरे आबासाहेब शेडमधल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू वाहत, आणि या लॅपटॉपला तर चिमूटभर जास्तच. ते जाळीतून आत जात राहिलं. परवा पंखा अडकला, लॅपटॉप तापला आणि कायमचा बंद पडला.

"जुनाच झाला होता, आबा," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

नागापूरच्या त्या शेडमध्ये स्प्रिंगा वळवणारं यंत्र आबांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर चाले. तो फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. म्हणून सुकन्याने त्या लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरचाच एक जुना संगणक उभा केला होता, व्हर्च्युअल मशीन. आता तोच तिने नव्या लॅपटॉपवर आणला. पण याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. जुन्या विंडोजची आज्ञा त्याला थेट कळत नव्हती. प्रत्येक आज्ञा आधी स्वतःच्या भाषेत उतरवून घ्यावी लागत होती.

ओळखीचा निळा पडदा उमटला तसे आबा खुशीत आले. "बघ, झाला की नाही चालू!"

यंत्रावरच्या कामगाराने, छगनने, तार लावली. यंत्र फिरलं आणि थांबायच्या जागी थांबलं नाही.

"वहिनी, एक वेढा जास्त पडला." त्याने स्प्रिंग बोटात अडकवून नाचवली. "आबांच्या मिशीसारखी झालीय बघा."

"मिशीवर येऊ नको, छगन्या." आबांनी स्प्रिंग हातात घेतली. "सुकन्या, तुझा लॅपटॉप लई शिकलेला दिसतोय. आमचं गावठी कळंना त्याला."

"कळतं, आबा. पण अर्थ लावून मग करतो. तेवढ्यात तार पुढे गेलेली असते."

"मग जुन्या बाजारात तसलाच बघू एखादा. पंपवाल्यांचा माल शनिवारी जायचाय."

सुकन्याच्या ओठांवर नेहमीचं 'बघू' आलं. लग्न होऊन ती या शेडमध्ये आली तेव्हापासून तिला हा प्रोग्राम नव्याने लिहायचा होता. भौतिकशास्त्र शिकलेली ती. त्यातलं गणित तिला दिसत होतं. पण मनातलं प्रत्येक वाक्य आबांना लागणार नाही अशा बेताने ती फिरवून घ्यायची, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. आज तसलाच लॅपटॉप मिळाला, तर येत्या खंडेनवमीला त्याच्याही पंख्यात कुंकू जाणार होतं.

आबा स्प्रिंगेचे वेढे पुन्हा मोजत होते. जणू या खेपेला ते बरोबर भरतील.

तिने पिन टेबलावर ठेवली.

"आबा, लॅपटॉप जुना झाला म्हणून नाही गेला. तुमचं कुंकू पंख्यात अडकलं होतं." आबांनी मान वर केली. छगनचा हात तारेवरच थांबला. "आणि तसला दुसरा आणायचा नाही. प्रोग्राम मी नव्याने लिहिणार आहे. तुम्ही शेजारी बसून गणित सांगायचं."