भेग धुतली त्या दिवशी

१४ मार्च. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. मी इपॉक्सी बोलतोय, आणि जरा घाईतच बोलतोय. माझे दोन डबे असतात. एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं रसायन. वेगळे ठेवलेत तर फडताळात वर्षभर गुपचूप पडून राहू. पण एकदा मिसळलं की अर्ध्या तासात माझा दगड होतो. आज दुपारी भावाने मला बादलीत घोटलं आणि माझ्या अंगात ऊब चढली.

हा भाऊ भेगा सांधणारा कारागीर. भेग होती त्याच्या बहिणीच्या पाळणाघरातल्या काँक्रीटच्या तुळईला. इंजिनियरबाईंनी पाळणाघर बंद ठेवायला लावलं होतं. सांधलेली तुळई तपासणीत टिकली नाही, तर ते कायमचंच बंद. भेगेचं तोंड लिंपून भावाने कालच बारीक नळ्या बसवल्या होत्या. आता पंपाने मला आत ढकलायचं, एवढंच उरलं होतं. मला कधी एकदा आत शिरतो असं झालेलं.

तेवढ्यात ताई मोठ्या कौतुकाने सांगू लागली. भाऊ यायच्या आधी तिने नळ्यांतून पाणी सोडून भेग आतून लख्ख धुऊन ठेवली होती.

भावाचा हात थांबला. ओल्या काँक्रीटला मी नीट धरत नाही. धरलंय असं नुसतं दिसतं.

ताईचा चेहरा उतरला. पालकांचे फोन सकाळपासून चालूच होते. "भर की तसंच. बाहेरून कुणाला कळणार आहे?"

"कळणार नाही ताई, तीच तर पंचाईत आहे."

मी तापत होतो, बुडबुडे सोडत होतो. निदान थोडं तरी आत सोड रे मला! भाऊ माझ्याकडे बघेना. तो शिडीवरून उतरला आणि ताईला म्हणाला, "पाहुणे येणार म्हणून फरशी पुसावी, तशी भेग पुसलीस होय?" ताई आधी रुसली, मग हसली, मग डोळे पुसत बसली.

बादलीतला मी तिथेच कडक झालो. डब्यांत उरलेला मी मात्र अजून पातळ होतो. 

१६ मार्च. दोन दिवस भेगेत गरम हवा सोडल्यावर भावाने मला पुन्हा घोटलं. खालच्या नळीतून शिरलो, वरच्या नळीतून डोकावलो. ताई हात मागे बांधून उभी होती, कशालाही शिवली नाही.

मला वापरणाऱ्यांनो, आधी भेग कोरडी करा, मगच मला मिसळा. मला थांबता येत नाही.

२३ मार्च. ऊन. इंजिनियरबाईंनी सांध्यातून मनगटाएवढा गोल तुकडा कापून काढला आणि यंत्रात दाबून मोडला. तो काँक्रीटमध्ये मोडला, सांध्यावर नाही; म्हणजे सांधा काँक्रीटहून पक्का. सोमवारी पाळणाघर उघडतंय.