सावली पडता कामा नये

छतावर सोलर पॅनल बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पॅनलांनी इंगळ्यांच्या अशोकाचा शेंडा कापला. मी छतावरच होतो. झाडाची सावली सरकत सरकत पहिल्या काचेच्या काठावर आली, काच बोटं मोडल्यासारखी कडकन वाजली आणि चार हात लांबीचा शेंडा इंगळ्यांच्या अंगणात पडला. काप इतका सरळ होता की मला कौतुकच वाटलं.

भास्कर इंगळे आमचे शेजारी. त्यांचं घर आमच्या नैर्ऋत्येला, आमच्यापेक्षा एक मजला उंच. ते शेंडा हातात घेऊनच आले.

"काहो तायडे सर, झाड तोडाचं होतं तं सांगाचं ना. न विचारता काहून तोडलं?"

"मी नाही तोडलं. सावली पडली."

त्यांनी बराच वेळ वर पाहिलं आणि शेंडा घेऊन परत गेले. माणूस सरळ होता.

ज्यांनी पॅनल बसवली ते ठोंबरे संध्याकाळी आले. त्यांनी कापावरून अंगठा फिरवला. "मी सांगितलं होतं ना सर, सावली पडता कामा नये. एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या लाइनचं उत्पादन खाली येते. तुमची सिस्टीम चांगली निघाली. आपलं आपण पाहून घेते."

मी मूर्तिजापुरात तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. सूर्य कुठल्या महिन्यात कुठे असतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यामुळे हे यंत्र माझ्यासाठीच बनलंय असं मला वाटू लागलं. रोज उजाडण्यापूर्वी मी काचा धुवायचो, मग कोनमापक घेऊन त्या दिवसाची सावल्यांची हद्द खडूने छतावर आखायचो. हद्दीच्या आत कुणी जायचं नाही. संध्याकाळी त्या दिवसाच्या विजेचा आकडा शाळेच्या ग्रुपवर टाकायचो. एवढी वीज गावात कुणाच्याच छतावर होत नव्हती, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो.

पहिल्या आठवड्यात तीन कावळे, एक घार आणि केबलची वायर गेली. कावळ्यांचे अर्धे भाग माझी बायको शैला खराट्याने गोळा करायची.

"अहो, हे बरं नाही."

"सवय होईल," मी म्हणालो. मला झाली होती.

मे महिन्यात तिने कुरडयांचा चीक शिजवला. दरवर्षी ती जुनं लुगडं अंथरून कुरडया घालते. यंदा समोर दहा गुळगुळीत, स्वच्छ, तापणाऱ्या काचा होत्या. वाळवण घालणाऱ्या कुठल्याही बाईला जे सुचलं असतं तेच तिला सुचलं. मी धुऊन खाली आलो आणि ती अंधारातच सोऱ्या घेऊन वर गेली. नऊ काचा भरून झाल्या. दहावीवर ती शेवटची कुरडई पाडत होती तेव्हा ऊन आलं आणि तिच्या उजव्या हाताची सावली काचेवर पडली.

चार बोटं गेली. रक्त आलं नाही, काप भाजून बंद झाला होता. तिची किंकाळी ऐकून मी वर धावलो, पण मी पहिल्यांदा ओरडलो ते "मागे हो, मागे हो" असं नव्हे. मी ओरडलो, "काचा झाकल्यास तू!" हे ती विसरलेली नाही. मीही नाही.

संध्याकाळपर्यंत कुरडयांबरोबर बोटंही कडक वाळली. तिने डाव्या हाताने ती वेचून वेगळ्या डब्यात ठेवली.

"नाहीतर चुकून तळली जायची," ती म्हणाली.

त्या दिवशी वीज कमी झाली. मला त्याचं वाईट वाटलं. ते वाईट वाटणं लाजिरवाणं होतं आणि तरी ते वाटत होतं.

जूनमध्ये ढग आले. आमच्या छतावर आलेले ढग दहा लांबट चौकोनांमध्ये कापले जाऊन इंगळ्यांच्या गच्चीवर थपाथप पडायचे. त्यांचे गहू भिजले. त्यांनी तेही सोसलं. शैला दर आठ दिवसांनी विचारायची, ठोंबऱ्यांना फोन केला का, काढायला कधी येतात. मी सांगायचो, केला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. मी फोन केलाच नव्हता.

दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे झुकला आणि सावल्या लांबू लागल्या. आधी आमच्या जिन्याच्या खोलीचं छप्पर गेलं. मग इंगळ्यांच्या गच्चीचा कठडा, वरून खाली, रोज विटांचा एकेक थर. मी खडूची रेघ रोज मागे मागे नेत होतो. दिवाळीनंतर रेघ आखायला छत उरलं नाही. मी ती कागदावर आखू लागलो आणि कागदावर ती इंगळ्यांच्या गच्चीवरून जात होती.

ज्या दिवशी कठड्याचा शेवटचा थर गेला त्या दिवशी इंगळे पहार घेऊन आमच्या छतावर आले.

"सर, बाजूले व्हा."

"इंगळे, पहार वर उचलू नका. ऊन तुमच्या पाठीमागं आहे."

त्यांनी उचलली. काच वाजली. पहारेचे तीन तुकडे झाले आणि तिसऱ्या तुकड्याला त्यांचा उजवा पंजा मुठीसकट चिकटून होता. ते ओरडले नाहीत. त्यांनी पंजा दुपट्ट्यात गुंडाळला आणि जिना उतरताना मला म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं, ते खरं आहे." डॉक्टरांना तो जोडता आला नाही.

शैला जिन्यात उभी होती. "आता तरी काढता का नाही?"

"बावीस डिसेंबरपर्यंत थांब. त्यानंतर सूर्य परत फिरतो. सावल्या आपोआप लहान होतील."

"ठोंबऱ्यांना कधीच फोन केला नाही ना तुम्ही?"

तिने पदर खोचला, स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि इंगळ्यांकडे राहायला गेली.

बावीस तारखेला दुपारी दोन वाजता मी तिला इंगळ्यांच्या गच्चीवर पाहिलं. जिथे कठडा होता तिथे अगदी कडेला ती स्टुलावर बसली होती.

"तिथून ऊठ!" मी ओरडलो. "तीन वाजून दहा मिनिटांनी तुझी सावली इथे येते!"

"माहीत आहे. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"शैला, ऊठ."

"शेवटचं पॅनल निघालं की उठते."

तिचा स्वभाव मला माहीत आहे. मी ताडपत्री फेकून पाहिली. ताडपत्रीच्या आधी तिची सावली काचेवर पोचली आणि चिंध्या खाली आल्या. मी पाना घेतला आणि पॅनलच्या खाली शिरलो. खालून हात घालून बोल्ट फिरवता येत होते. एकेक पॅनल सुटलं की खालूनच ढकलून पालथं पाडायचो. पालथं पडलं की ते निमूट राहायचं. बोटांची सालं निघाली. मी मोठमोठ्याने रडत होतो आणि बोल्ट मोजत होतो. माझ्याच्याने एवढं भराभर काम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि एप्रिलपासून कुठल्याही पहाटे ते होऊ शकलं असतं.

तीन वाजता नऊ पॅनल पालथी होती. दहावं ठोंबऱ्यांनी छताला अगदी लागून बसवलं होतं, त्याच्याखाली हात जात नव्हता. त्याचे तीन बोल्ट मी मागच्या बाजूने, आडवं पडून काढले. चौथा पुढच्या, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर होता.

तिची सावली छतावर आली होती. स्टुलाचे पाय, गुडघे, मांडीवर ठेवलेला बोटं नसलेला हात, मान. डोकं काचेपासून वीतभर अंतरावर होतं आणि पुढे सरकत होतं.

"झालं का हो?" तिने वरून विचारलं.

"एकच राहिलाय."

मी पॅनलला वळसा घालून पुढे गेलो आणि तिच्या सावलीच्या वाटेत गुडघे टेकले. सावलीचं डोकं काचेवर पडायचं ते माझ्या पाठीवर पडलं. तेवढ्याच भागात पाठ गार पडली. समोरच्या काचेवर माझं डोकं, मान आणि दोन्ही खांदे उमटले, कडा अगदी रेखीव. मी पाना बोल्टला लावला. बोल्ट गंजला होता. काच कडकन वाजली.