मी गळकी नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कोळशाच्या ट्रकांच्या पुढे बंपरला लोंबकळताना तुम्ही माझ्या बहिणी पाहिल्या असतील. तुम्ही शाळेत गळ्यात अडकवून नेता ती प्लास्टिकची बाटली मात्र माझी कोणी लागत नाही.

आज मला भरलंत तर मी खरोखरच गळेन. कित्येक वर्षं कोरडी लटकले आहे, सूत आखडलं आहे, टाके सैल पडले आहेत. पण ज्या दिवसावरून माझ्यावर गळकेपणाचा आळ आला, त्या दिवशी मी गळले नव्हते. एवढं सांगण्यासाठीच मी तोंड उघडते आहे. एरवी माझं बूच घट्ट बसतं.

माझा जन्म ऐंशी सालच्या होळीच्या सुमाराचा, भद्रावतीजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीतला. त्या वसाहतीत खुशाल नावाचा माणूस नळ दुरुस्त करायच्या कामावर होता. त्याने ताडपत्री शिवणाऱ्याकडून उरलेला कॅनव्हास आणला आणि त्याच्या बायकोने, मनकर्णेने, तो मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवला. सुई दाभणाएवढी आणि कापड हट्टी. शिवताना तिच्या अंगठ्यात सुई घुसली, तर ती नवऱ्याला म्हणाली, "आता इच्यातून पाणी गेलं ना, तं मी माहं नाव बदलून टाकीन." खुशाल हसला आणि त्याने मला हौदात बुडवून टाकलं.

मला वाटलं, हा माणूस मला जन्मतःच बुडवून मारतो की काय! पण त्याचं बरोबर होतं. नवी छागल आधी स्वतः पोटभर पाणी पिते, तेव्हा कुठे ती दुसऱ्यासाठी पाणी धरते. सूत फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. पहिल्या दिवशी मी धो धो गळले, मग टपटप, मग नुसती ओलसर राहिले. त्या ओलाव्याला वारा लागला की आतलं पाणी गार होतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जिथे हौदातलं पाणीही चहासारखं तापतं, तिथे माझ्या पोटातलं पाणी दाताला कळ आणायचं. हा माझा गुण. आणखी काही मला येत नाही.

खुशालला जंगलाचं वेड होतं. वसाहतीच्या गोदामात काम करणारा श्रावण हा त्याचा जिवाचा दोस्त. दोघांनी मिळून चार पोरं जमवली आणि रविवारी जंगलात भटकायला सुरुवात केली. त्यालाच पुढे 'वनविहार मंडळ' असं भारदस्त नाव पडलं. त्या सुरुवातीच्या दिवसांत मंडळाकडे काय होतं? एक दोर, एक टॉर्च, टिंक्चरची बाटली आणि मी. शिदोरी सोडली की मला फांदीवरून काढायचे आणि ज्याला हवं तो सरळ तोंड लावून प्यायचा. श्रावण तर असा प्यायचा की सदऱ्यावर पाणी ओघळायचं. "श्रावण्या, छागल पी, सदरा धू नोको," असं खुशाल ओरडायचा.

खुशालचे काही नियम होते. ऊन डोक्यावर यायच्या आत सावली गाठायची. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. पाणी घटाघटा प्यायचं नाही. छागल जमिनीवर टेकवायची नाही, वाऱ्यात टांगायची. आणि एक नियम त्याने मोहर्लीकडच्या एका गावात मोह वेचणाऱ्या बायांकडून उचलला होता: पाणी पाहायला जो पुढे गेला असेल, त्याचा वाटा मागे राखून ठेवायचा. मग कोणाची जीभ टाळूला चिकटो. हा नियम पोरांना एवढा आवडला की ती तो एकमेकांना ओरडून सांगत.

ते माझे सुखाचे दिवस. पण मंडळाला बरे दिवस आले आणि माझे फिरले. सहलीला बायकामुलं येऊ लागली. वसाहतीतले मोठे हुद्देवाले येऊ लागले. मंडळाला अध्यक्ष आले, व्हरांडा आला, पाटी आली. श्रावणचा श्रावणजी झाला, सचिव झाला. खुशालचा मात्र काहीच झाला नाही. तो दोर, डबे, सतरंज्या आणि मला घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून सगळ्यांना तो सामानवाला वाटायचा. वर्गणीदारांच्या यादीत त्याचं नाव घालायचं कोणाला सुचलं नाही.

मग एके दिवशी श्रावणने चंद्रपूरहून दुसरी छागल आणली. नवीकोरी, हिरवीगार, पितळी साखळीवाली. खुशालने विचारलं, "हे कोणासाठी गा?"

श्रावण खाली पाहून म्हणाला, "मोठ्या मंडळीसाठी. बायामाणसं असतात, त्याहिले बरं वाटत नाई."

"काऊन? पाणी तं एकाच नळाचं हाय. नळ बी मीच बसवला."

"आता तूच समजून घे, खुशाल."

खुशालने समजून घेतलं. त्याच्या बापाने छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, ती असलं काही समजून घ्यावं लागू नये म्हणून. त्या रात्री घरी त्याने मला धुतलं, पुसलं आणि खुंटीला अडकवलं. मला राग आला होता, मित्रांनो. अजून आहे.

नव्या छागलीची मंडळाच्या व्हरांड्यात पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हार घातला. खुशालने श्रावणला बाजूला घेऊन सांगितलं की तिला चांगली भिजत घाल. पण पूजा केलेली वस्तू हौदात कोण बुडवणार? कुंकू धुऊन जाईल म्हणून अध्यक्षीणबाई नको म्हणाल्या. ती तशीच हार घालून खुंटीवर मिरवत राहिली, पापडासारखी कोरडी.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर सहल निघाली. अध्यक्षांकडे पाहुणे आले होते आणि त्यांना जंगल पाहायचं होतं. खुशाल म्हणाला, या दिवसांत नको, आणि जायचंच तर पहाटे निघू. पहाटे कोणी उठलं नाही. मग फोटो काढणारा येईपर्यंत थांबले, मग पोहे झाले. मोहर्लीच्या अलीकडे गाडी सोडून टेकडीकडे चालायला लागले तेव्हा ऊन अंगात शिरायला लागलं होतं. नव्या छागलीत सकाळीच पाणी भरलं होतं. ती वाटभर गळत होती आणि तिच्यामागे धुळीत ओली रेघ उमटत होती. पाहुण्यांना त्याची गंमत वाटली. टेकडीखाली पोचेपर्यंत तिच्यात तळाला ओलसर वासाशिवाय काही उरलं नाही.

पलीकडच्या नाल्यात वाळू उकरली की पाणी लागतं, त्याला झिरा म्हणतात. खुशालला तो झिरा ठाऊक होता. त्याने सगळ्यांना एका मोठ्या झाडाच्या सावलीत बसवलं, मला वाऱ्याच्या फांदीवर टांगलं आणि फावडं व डबा उचलला. तो स्वतः एक घोट प्यायला. मी जवळजवळ भरलेली होते.

"श्रावण, मी झिरा खोदून येतो," तो म्हणाला. "कोणाले चक्कर आली तं इच्यातलं पाजा. लेकराले तं पाजाच. माह्यासाठी गिलासभर ठेवजो."

"हो, हो. जा तू," श्रावण म्हणाला.

थोड्या वेळाने एका पाहुण्याची लहान मुलगी मलूल होऊन पडली. श्रावणने मला काढलं, तिला पाजलं, तिचं कपाळ पुसलं. ते योग्यच झालं. खुशालने तेच सांगितलं होतं. मुलीने डोळे उघडले तेव्हा मलाही बरं वाटलं. पण मग मुलीच्या आईने घेतलं. मग मुलीच्या वडिलांनी. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि एकमेकांकडे पाहायचे टाळू लागले. कोणीतरी हळूच म्हणालं, "इथी कोण पाहून राह्यलं?" आणि मग ओंजळींची रांगच लागली. ज्या बायामाणसांना बरं वाटत नव्हतं, त्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं. श्रावणही प्यायला, दोनदा. जुन्या सवयीने सदऱ्यावर ओघळलं.

तळाशी एक गिलासभर उरलं होतं. ते राखलं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसले नसते. अध्यक्षांनी ते ओंजळीत घेतलं आणि तोंडावर मारलं. मग मानेवरून फिरवलं. श्रावण पाहत होता. मग माझं बूच नीट लावून त्याने मला होते त्याच फांदीवर टांगून ठेवलं.

खुशाल बऱ्याच वेळाने आला. झिरा आटला होता. भर उन्हात छातीएवढा खड्डा खोदूनही वाळू कोरडीच लागली होती. त्याला घाम येणं बंद झालं होतं आणि चेहरा तांब्यासारखा झाला होता. त्याने मला फांदीवरून काढलं तेव्हाच त्याला वजनावरून कळलं. तरी त्याने बूच काढून मला तोंडावर उलटं केलं. मी किती आटापिटा केला म्हणून सांगू! एक थेंबही देता आला नाही.

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. श्रावण म्हणाला, "गळली असन गा."

खुशालने फांदीखाली पाहिलं. तिथला पाचोळा कोरडा होता. पाऊल पडताच चुरचुरला. मग त्याने श्रावणच्या सदऱ्यावरचा ओला डाग पाहिला. तो काय काय बोलू शकला असता! पण तिथे पाहुणे होते, आणि श्रावण त्याचा दोस्त होता.

"असन," तो म्हणाला, आणि त्याने सतरंज्या उचलल्या.

सडक दिसायला लागली तिथे तो पडला. पडायच्या आधी भलतंच बोलू लागला होता, मनकर्णेला नळ बंद करायला सांगत होता. घुग्घुसकडे जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने स्वतःच्या छागलीतलं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. त्याने जात विचारली नाही, नावसुद्धा विचारलं नाही. पण फार उशीर झाला होता. दवाखाना यायच्या आत खुशाल गेला.

मला कोणीतरी त्याच्या कपड्यांबरोबर मनकर्णेकडे पोचवलं. तिने रडून घेतलं आणि मग तिच्या कानावर वसाहतीत फिरणारी गोष्ट आली: खुशालची छागल गळकी निघाली, सगळं पाणी वाटेत सांडलं, बिचाऱ्याने वस्तूची निगा राखली नाही. ती उठली आणि तिने मला हौदात बुडवलं.

मंडळाच्या व्हरांड्यात शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले की साधनांची काळजी न घेतल्यामुळे आपण एक साधाभोळा सहकारी गमावला आहे, सर्वांनी यातून धडा घ्यावा. माणसांनी माना खाली घातल्या. ऐकणाऱ्यांना ते दुःख वाटलं असेल, मला त्यातली अर्धी तोंडं ओळखता येत होती.

मनकर्णा मागून उठली. तिने मला सकाळीच भरून आणलं होतं आणि व्हरांड्याच्या खिळ्याला टांगलं होतं. ती म्हणाली, "सकाळपासून भरून हाय. खालची फरशी पाहून घ्या. थेंब पडला काय?"

कोणी पाहिलं नाही. पाहायची गरज कोणालाच नव्हती.

तिने गिलास भरला आणि ती श्रावणपुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुमी त्याच्यासंगं याच छागलीचं पाणी पेत होते. मले ठावं हाय. आज माह्या हातचं एक गिलास घ्या. मंग मी काई बोलणार नाई."

श्रावणचा हात वर आला. मी पाहिलं, खरंच वर आला होता. मग त्याची नजर अध्यक्षांकडे गेली, बायकांच्या रांगेकडे गेली, आणि हात खिशात गेला.

"मले तहान नाई, बाई," तो म्हणाला.

मनकर्णेने तो गिलास स्वतः पिऊन टाकला, मला खांद्याला अडकवलं आणि घरी आली. त्यानंतर तिने मला कधी भरलं नाही. मी खुंटीला आहे आणि उन्हाळ्यागणिक वाळते आहे. मंडळ अजून सहली काढतं. माझ्या नावाचा दाखला देऊन नव्या पोरांना साधनांची निगा शिकवतात म्हणे.

म्हणून मित्रांनो, निगा मीच सांगते. नवी छागल आधी भिजवा, मग भरा. तिला सावलीत, वाऱ्यात टांगा. उन्हात निघताना पहाटेच निघा. पाणी शोधायला गेलेल्याचा वाटा राखा. आणि कधी दुसऱ्याचं पाणी प्यायची पाळी आली, तर प्या, त्यात काही लाज नाही, पण घरी आल्यावर प्यालो म्हणून सांगा. श्रावणने तेवढं सांगितलं असतं तर खुशाल परत आला नसता, हे मलाही कळतं. पण निष्काळजी माणूस म्हणून तरी तो मेला नसता.