गोल न मारणाऱ्याचा हेवा

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. साधासुधा नव्हे, गोल मारणारा. आज काचेच्या कपाटात आहे. ऐकायचं असेल तर नीट उभं राहून ऐका.

कारखान्यात शिवला गेलो, दुकानात टांगला गेलो, आणि संघाच्या आघाडीवीराच्या पायात आलो. पहिल्याच सामन्यात मी चेंडू जाळ्यात धाडला. लोकांनी मालकाला खांद्यावर घेतलं. तेव्हापासून माझं नाक वर.

दुखणं एकच होतं. खांब्या. बचावफळीच्या पुढे, मैदानाच्या मधोमध उभा राहणारा गडी. गोल नाही, करामती नाहीत. चेंडू मिळाला की जवळच्याला देऊन मोकळा. तरी सामना संपला की प्रशिक्षकांचा हात आधी त्याच्या पाठीवर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तुझ्यापेक्षा गोलचा खांब बरा," मालक त्याला म्हणायचा. "त्याला निदान चेंडू तरी लागतो!"

खांब्या हसायचा आणि बुटांचा चिखल झाडत बसायचा.

कर्णधार निवडायचा होता. माझा मालक नाहीतर खांब्या, या दोघांतलाच एक. मालकाने प्रशिक्षकांना गाठलं. "सर, एकदा त्याला बाहेर बसवून बघा. काडीचा फरक पडणार नाही."

"बरं. उद्या पूर्वार्धात बसवतो."

मी खूश. पण दुसऱ्या दिवशी समोरचे गडी मधून असे आले, जणू आपल्याच घरात शिरतायत. "अरे, दार कुणी सताड उघडं टाकलंय?" गोलरक्षक बोंबलत होता. दोन गोल बसले. आमचे सगळे मागे पळत होते, आणि मी पुढे चेंडूची वाट बघत ताटकळलो.

मध्यंतरात प्रशिक्षकांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. चेंडू चिखलाने बरबटलेला, आणि माझ्या नाकावर त्याचा एकही डाग नव्हता. मालकाने पाय बाकाखाली ओढून घेतला.

उत्तरार्धात खांब्या आला. चूक सापडावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तो फारसा पळालाच नाही. समोरचा जिकडे वळणार, तिकडे हा आधीच हजर. समोरचा थबकायचा, मागे फिरायचा. टाळी कुणी वाजवली नाही. पण चेंडू माझ्याकडे येऊ लागला. दोन्ही गोल मी फेडले. सामना बरोबरीत सुटला.

कर्णधाराची पट्टी खांब्याला मिळाली. प्रशिक्षकांनी ती बांधायला लावली माझ्या मालकालाच. त्याने गाठ जरा जास्तच आवळली.

"अरे, रक्त थांबेल की माझं!"

"थांबू दे. तू नाही का सगळ्यांना थांबवत?"

दोघे हसले. मी हसलो नाही.

पुढे काही वर्षांनी मालकाने खेळणं सोडलं. मला पॉलिश करतात, पाहुण्यांना दाखवतात. खांब्याचे बूट मात्र तळवे पुन्हा पुन्हा शिवून अजून चिखल तुडवतायत म्हणे. ऐकलं की आजही जळतो.

एक मागणं आहे. कधी सामना बघायला गेलात, तर घटकाभर चेंडूवरची नजर काढा आणि मधल्या त्या गड्याकडे बघा. त्याला जोखायचं ते तिथेच जोखा.

फक्त परत येऊन या कपाटासमोर त्याचं कौतुक करू नका.