ऑर्डरली

"मॅडमनी आज महिंद्राला सगळ्यांदेखत ऑर्डरली म्हटलं," मानसिंगनं फोनवर लेकीला सांगितलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

पाचगणीच्या त्या निवासी शाळेत चादरी-ब्लँकेटांची खोली मानसिंगकडे होती. महेंद्र, म्हणजे मानसिंगचा महिंद्रा, धाकट्या मुलांच्या झोपायच्या हॉलवर नवा लागलेला, तिशीतला माणूस. आल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचंच नाव. मानसिंगच्या पोटात दुखे. म्हणूनच सकाळच्या बैठकीत मुख्याध्यापिका मॅडमच्या इंग्रजीतून तो शब्द कानावर पडला, तेव्हा त्याला गार वाटलं होतं. शब्द ओळखीचा होता. फौजेतली बहुतेक वर्षं त्यानं साहेबांचा ऑर्डरली म्हणून काढली होती. बूट चमकवायचे, वर्दीला इस्त्री करायची, मेमसाहेबांचं कुत्रं फिरवून आणायचं. गावात मात्र तो बंदुकीच्याच गोष्टी सांगे.

"नक्की काय म्हणाल्या त्या?" अंकितानं विचारलं. ती कराडला इंजिनिअरिंगला होती.

"महिंद्राचा हॉल लय ऑर्डरली हाय म्हनं. आता हॉल कसा ऑर्डरली असंल? त्येलाच म्हनायचं असंल."

"नाही ओ अप्पा, हॉलच. तिथं ते विशेषण आहे. माणसाला ऑर्डरली म्हटलं तर हाताखालचा माणूस. पण हॉल ऑर्डरली, रांग ऑर्डरली, म्हणजे शिस्तीतली. सगळं जागच्या जागी. कौतुक केलं त्यांनी."

"शबुद योकच न्हवं?"

"एकच. कुठं वापरला त्यावर अर्थ."

मानसिंगनं फोन खिशात टाकला. साहेबांचं कपाट तो असं लावी, की अंधारात हात घातला तरी हवा तोच मोजा हाती यावा. त्या कपाटाला कुणी कधी ऑर्डरली म्हटलं नाही. तो शब्द फक्त त्याला हाक मारायला होता.

दुसऱ्या दिवशी पालक यायचे होते. त्याआधी मॅडम हॉल बघून जाणार. त्या दिवशी सकाळी मुलं वर्गात होती, महेंद्र जेवणघराकडे गेला होता. मानसिंग वर चढला. खाटा एका ओळीत, चपला खाटांखाली. खिडकीच्या कट्ट्यावरून त्यानं बोट फिरवलं. धूळ लागली नाही. तेव्हा त्यानं पहिलं ब्लँकेट ओढलं. मग दुसरं. मग हात थांबेचनात. शेवटी उशा खाली फेकून त्यानं खिडकी उघडली. माकडांवर जाईल, असा हिशेब.

जिन्याशी पोचतो तोच महेंद्र समोर आला. आत डोकावला आणि दारातच बसला.

"माकडं शिरली, मामा. खिडकी म्याच उघडी टाकली असनार." त्यानं मानसिंगकडे वर पाहिलं. "अजून कायम केलं न्हाई मला. मॅडम आत्ता येत्याल. आवं, जरा हात लावा की."

खाली कामं पडलीत असं सांगून निघता आलं असतं. मानसिंगनं खाली पडलेल्या उशांकडे पाहिलं.

"उशा तू बघ," तो म्हणाला. "ब्लँकेटं मी घेतो."

कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. या खाटेपासून त्या टोकाच्या खाटेपर्यंत घड्यांची कड एका रेघेत आली. महेंद्र उशी हातात धरून बघत राहिला.

"अशी घडी मला न्हाई जमत," तो म्हणाला.

मानसिंगनं शेवटच्या घडीवरून हात फिरवला.

मॅडम आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. त्यात तो शब्द होता. या वेळी मानसिंगला तो बरोबर कळला.

"शाब्बास, महेंद्र."

"मॅडम, हे मामांनी—"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पहिले पालक आले होते. मॅडम जिना उतरूनही गेल्या.

"संध्याकाळी सांगतो त्यास्नी," महेंद्र म्हणाला. "तुमी हुता म्हनून निभावलं."

"नगं सांगू."

"आवं, पन का?"

"नगं म्हटलं न्हवं."

मानसिंग मागच्या अंगणात आला. दोरीवरच्या चादरी वाऱ्यानं फडफडत होत्या. एक अर्धी घसरून लाल मातीत लोळत होती. त्यानं ती उचलली, झटकली. डाग निघेना. ती खांद्यावर टाकून तो नळाकडे गेला आणि उकिडवा बसून धुवायला लागला.